सरकारची हवामान-कृती खरी की कागदी, हे नागपुरात कसे पडताळावे?

प्रश्न असा आला आहे: केंद्र आणि राज्य सरकार हवामान बदलाला तोंड देण्याच्या व निसर्ग जपण्याच्या घोषणा सातत्याने करतात, तरीही नागपूरकरांच्या डोळ्यांदेखत झाडे, तलाव आणि माळराने कमी होत चालली आहेत आणि उन्हाळा दरवर्षी अधिक जाचक होतो आहे. मग सरकार या बाबतीत खरोखर काही करते का, आणि करत असल्यास ते सामान्य माणसाने पडताळावे कसे?

पूर्व विदर्भात वनविभागाच्या नियोजनाच्या कामात आणि निवृत्तीनंतर प्रकल्पांना घातलेल्या पर्यावरणीय अटींचा अभ्यास करण्यात माझा बराच काळ गेला आहे, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देतो. सरकार काहीच करत नाही, हे म्हणणे चुकीचे आहे. पुष्कळ काही केले जाते. अडचण अशी आहे की हवामानाचे काम आणि निसर्गाचे काम वेगवेगळ्या फाइलींत चालते. हवामानाच्या फाइलीत आकडा असतो, मग तो मेगावॅटचा असो, टनांचा असो की रोपांचा. निसर्गाच्या फाइलीत बहुधा असते ती परवानगी: आज चार हेक्टर, पुढच्या वर्षी सहा, त्यानंतर एका रस्त्यासाठी आणखी दोन. आकड्याचा आढावा दर महिन्याला मंत्रालयात घेतला जातो. परवानग्यांची बेरीज मात्र कोणाच्याच टेबलावर होत नाही. माझा अनुभव असा की निसर्गाची बाजू जिथे एखाद्या बंधनकारक अटीत, न्यायालयाच्या आदेशात किंवा गावाच्या हक्कात लिहिली गेली, तिथे ती टिकली. केवळ धोरणाच्या प्रस्तावनेत राहिली, तिथे टिकली नाही.

राष्ट्रीय चौकट थोडक्यात पाहू. हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा ३० जून २००८ रोजी जाहीर झाला, त्यात आठ अभियाने होती, आणि पुढे त्याच धर्तीवर राज्यांनी आपापले आराखडे तयार केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी २०७० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण साधण्याचे, उद्दिष्ट जाहीर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दर एककामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायचे आहे, विजेच्या स्थापित क्षमतेतील निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करायचा आहे, आणि वने व वृक्ष यांच्याद्वारे अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषून घ्यायचा आहे. यांतील विजेचे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यालाच, म्हणजे पाच वर्षे आधी, गाठले गेले, आणि हे यश खरे आहे. मात्र स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज वेगळी. प्रत्यक्ष विजेतील दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा अजूनही कोळशाचाच आहे, आणि आपल्या कोराडी, खापरखेडा, मौदा व चंद्रपूर या पट्ट्यातही तो मोठ्या प्रमाणावर जळतो. जैवविविधतेच्या बाजूला डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातील देशांनी २३ लक्ष्ये स्वीकारली, त्यांत २०३० पर्यंत जमीन व समुद्राचा ३० टक्के भाग संवर्धनाखाली आणण्याचे लक्ष्य आहे; त्यानुसार भारताने २०२४ मध्ये आपला सुधारित आराखडा सादर केला. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले आणि पुढे पर्यावरण विभागाच्या नावातही वातावरणीय बदलाचा समावेश झाला. पंचमहाभूतांवर आधारलेल्या या अभियानात नगरपालिका व ग्रामपंचायतींना गुण दिले जातात. लहान गावांना त्याचा उपयोग झाला, हे मी पाहिले आहे. पण गुणांसाठी केलेल्या कामात दाखवण्याजोग्या गोष्टींकडे ओढा राहतो, हेही तितकेच खरे.

या दोन फाइलींची टक्कर होते तेव्हा काय घडते, याचे सर्वांत ठळक उदाहरण माळढोकाचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसर हा महाराष्ट्रातील या पक्ष्याच्या शेवटच्या आश्रयस्थानांपैकी एक. राजस्थान व गुजरातमध्ये सौर आणि पवन ऊर्जेच्या वाहिन्यांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या क्षेत्रातील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. केंद्र सरकारने हवामानविषयक उद्दिष्टांचा दाखला देत तो बदलून मागितला. २१ मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने तो सरसकट आदेश शिथिल केला, कोणत्या वाहिन्या कुठे भूमिगत करता येतील हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगितले. नागरिकांना एक मोठा हक्क मिळाला तो एका पक्ष्याचे संरक्षण सैल करणाऱ्या निकालातून, ही विसंगती अभ्यासकांनी विसरू नये. हवामानासाठी केलेली प्रत्येक कृती निसर्गाच्या हिताची असतेच असे नाही.

आता आपल्या भागाकडे वळतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण पूर्व विदर्भातल्या जमिनीची कहाणी या विषयाच्या मुळाशी आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली अभिलेखांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली जमीन आहे. ही नोंद जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेली. गावाची गुरे चारायला, सरपण आणायला, म्हणजे निस्तारासाठी राखलेल्या या जमिनी १९५६ मध्ये हे जिल्हे मुंबई राज्यात आले तेव्हा तशाच्या तशा नोंदींसह आल्या. पुढे १९८० चा वन संवर्धन कायदा झाला आणि प्रश्न उभा राहिला: नोंदीत जंगल हा शब्द आहे, जमीन महसूल खात्याकडे आहे, वर शाळा, कार्यालये, रस्ते, वस्त्या, दफनभूमी उभ्या आहेत, आणि उरलेल्या भागावर पळस, बोर, खैर, भारती आणि गवत. मग हिला वन म्हणायचे की नाही? कित्येक दशके दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली, आणि ज्याला मालक नाही अशा जमिनीचे जे होते ते झाले.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णय दिला. वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानुसार सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेली जमीन, मालकी कोणाचीही असो, वनच मानायची असते. त्याला अनुसरून झुडपी जंगलाच्या जमिनी वन ठरल्या. हे क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी अन्य कामांसाठी वाटल्या गेल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागण्याची वाट मोकळी ठेवली गेली, म्हणजे जुन्या वस्त्यांवर बुलडोझर चालण्याची भीती उरली नाही. निकालातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग याच्या पुढे आहे: झुडपी जंगलाची जमीन पर्यायी वनीकरणासाठी वापरता येणार नाही, जोपर्यंत वनेतर जमीन उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र खुद्द मुख्य सचिव देत नाहीत.

या अटीचे महत्त्व समजण्यासाठी पर्यायी वनीकरण चालते कसे, हे पाहावे लागेल. खाण, धरण किंवा रस्त्यासाठी वनजमीन वळती केली की तेवढीच वनेतर जमीन घेऊन, किंवा काही प्रकरणांत दुप्पट अवनत वनजमिनीवर, झाडे लावायची असतात आणि जंगलाचे नक्त वर्तमान मूल्यही, म्हणजे गमावलेल्या जंगलाच्या लाभांची पैशांतली किंमत, भरायची असते. हा पैसा २०१६ च्या पर्यायी वनीकरण निधी कायद्यानुसार जमा होतो. नव्वद टक्के राज्याच्या निधीत आणि दहा टक्के राष्ट्रीय निधीत. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम एकदम हस्तांतरित केली, म्हणजे पैशाची ओरड इथे नाही. ओरड जमिनीची आहे. मोकळी वनेतर जमीन मिळत नाही, म्हणून ‘अवनत’ या सदराखाली झुडपी व गवताळ पट्टे निवडले जातात, तिथे खड्डे खणून सागाची किंवा मिश्र रोपे लावली जातात, आणि कागदावर एक जंगल गेल्याच्या बदल्यात दुसरे आल्याची नोंद होते. प्रत्यक्षात गेलेले असते ऐन, धावडा, मोह, तेंदू, बिजा यांचे मिश्र पानझडी जंगल. बिघडलेले असते लांडगा, खोकड आणि तित्तिराचे माळरान. आणि आलेली असतात एका वयाची, एका उंचीची रोपे. शिवाय त्या माळावर चरणारी गुरे कुठे जातात, याचा रकाना कोणत्याही प्रपत्रात नाही. ती अर्थातच उरलेल्या चांगल्या जंगलात जातात.

रोपांच्या आकड्याबद्दलही दोन शब्द. राज्याने १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम केला, पुढच्या तीन वर्षांची उद्दिष्टे अनुक्रमे चार, तेरा आणि तेहतीस कोटी होती. त्यातली किती जगली यावर विधिमंडळात वाद झाला आणि चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमली गेली. मी त्या वादात पडत नाही, कारण नियोजनाच्या दृष्टीने उद्दिष्टाची मांडणीच सदोष होती. रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे; निंदणी, नांग्या भरणे (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे), पहिल्या तीन उन्हाळ्यांत आगीपासून आणि गुरांपासून राखण करणे, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून राखलेल्या मोकळ्या पट्ट्या) वेळेवर साफ करणे, हे खरे काम. त्याचा निधी अनेकदा उशिरा येतो आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. यात आणखी एक गुंतागुंत आहे. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी जो अहवाल देते, त्यात एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर दहा टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन धरले जाते. मालकी, कायदेशीर दर्जा किंवा झाडाची जात पाहिली जात नाही. काटोल-नरखेडकडची दाट संत्राबागसुद्धा या व्याख्येत बसू शकते. कार्बनच्या हिशेबाला ही व्याख्या चालते. जंगलाच्या हिशेबाला ती चालत नाही, आणि म्हणून ‘राज्याचे वनाच्छादन वाढले’ ही बातमी वाचताना नोंदणीकृत वनक्षेत्राच्या आत घनदाट व मध्यम दाट वनाचे काय झाले, हे तक्ते आधी पाहावेत.

सरकारी यंत्रणेने निसर्गासाठी नीट केलेल्या कामाचे उदाहरण आपल्याच उंबरठ्यावर आहे. नागपूर-शिवनी मार्गावर, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चे चौपदरीकरण झाले तेव्हा पेंच आणि नवेगाव-नागझिरा यांच्यातला वाघांचा मार्ग तुटण्याची वेळ आली होती. वन्यजीवांसाठी किती लांबीचे भुयारी मार्ग ठेवायचे यावर रस्ते विभाग, वनविभाग व भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला, प्रकरण न्यायालयांत गेले, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ रचना उभ्या राहिल्या, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरची. खाली बसवलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, गवे, चितळ, रानडुकरे नियमितपणे टिपली गेली. हे काम यशस्वी झाले ते वन्यजीवप्रेमाच्या भाषणांमुळे झाले नाही. लांबी, उंची आणि जागा या तीन गोष्टी अटींत मीटरमध्ये लिहिल्या गेल्या, काम सुरू होण्यापूर्वी लिहिल्या गेल्या, आणि नंतर वापर होतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी एका संस्थेवर टाकली गेली, म्हणून झाले. ‘योग्य त्या उपाययोजना कराव्यात’ अशी अट घातलेली असंख्य परवानगीपत्रे मी वाचली आहेत. त्या अटीचे पालन झाले नाही असे सिद्ध करणे अशक्य असते, कारण पालन म्हणजे काय हेच लिहिलेले नसते.

याच्या उलट टोकाला माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले गावतलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर जिल्ह्यांच्या काही भागांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने आणि इतरांनी ते बांधले, भातशेती त्यांवर पोसली गेली आणि धीवर समाजाची मासेमारीही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे तर लहान जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. पाळ, सांडवा, पाणलोटातले गवत, गाळ, मासे आणि खालची शेती ही सगळी एकाच तलावाची अंगे. पण आज पाळ एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे, पाणलोट वनविभागाकडे आणि बुडीत क्षेत्रातली अतिक्रमणे महसूल विभागाकडे. हवामान बदलात पाऊस कमी दिवसांत जास्त पडू लागला आहे, अशा काळात साखळीने जोडलेले हे तलाव म्हणजे पूर आणि अवर्षण दोन्हींवरचा तयार उपाय, तोही नव्याने भूसंपादन न करता मिळालेला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून गाळ काढण्याला चालना मिळाली, ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु यंत्राने तलावाचा तळ सरसकट खरवडला की कडेचा उथळ भाग नाहीसा होतो आणि त्याबरोबर देवधान (रानभात), पाणवनस्पती आणि माशांच्या विणीच्या जागाही. गोंदिया-भंडाऱ्यात धीवर समाजाच्या गटांनी बेशरम हे माजणारे झुडूप उपटून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून काही तलाव जिवंत केले आहेत. त्या कामाला योजनेत लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे सदर, नाही, पोकलेनच्या तासांना आहे. सारस पक्ष्याची गोष्टही याच तलावांशी बांधलेली. राज्यात तो प्रामुख्याने गोंदिया, भंडारा परिसरातच उरला, आणि त्याच्या संवर्धनासाठी जिल्हा पातळीवर समित्या स्थापन झाल्या त्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतल्यानंतर.

गावाच्या हक्काचा मुद्दा मी वर काढला होता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूपाने गोळा करणे थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. उत्पन्न बांबूवर उभे केले. वनखात्यातले माझे काही जुने सहकारी या हक्कांकडे संशयाने पाहतात, आणि सगळ्या गावांत असेच झाले असे मीही म्हणणार नाही. तरी उन्हाळ्यात वणवा विझवायला मध्यरात्री कोण धावते, या एकाच कसोटीवर पाहिले, तर एका वनरक्षकाला राखणीसाठी नेमून दिलेल्या हजार हेक्टरच्या बीटपेक्षा हक्क असलेले गाव मला अधिक भरवशाचे वाटते. पंधरवडाभर जळणाऱ्या जंगलातून बाहेर पडणारा कार्बन कोणत्याही रोपवनाने लवकर भरून निघत नाही.

शहराबद्दल. नागपूरचा उन्हाळा जुना आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर ज्या शहरांनी असे आराखडे लवकर स्वीकारले त्यांत नागपूर आहे. हवामान खात्याचा इशारा, रुग्णालयांतील शीत कक्ष, दुपारी उघडी ठेवलेली उद्याने, पाणपोया, काही चौकांतले दुपारी बंद केलेले सिग्नल, ही सगळी कमी खर्चाची आणि जीव वाचवणारी कामे आहेत. (मे २०२४ च्या अखेरीस रामदासपेठेतील स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली, संवेदकात बिघाड होता असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. मोजमापाची उपकरणे सांभाळणे हीसुद्धा हवामान-कृतीच आहे, एवढे यातून घ्यावे.) मात्र आराखड्याचा दीर्घकालीन भाग, म्हणजे सावली, पाणी मुरणारी जमीन, छपरांचा रंग, रात्रीचे तापमान, हा नगररचनेच्या हाती आहे, आणि नगररचनेच्या मंजुरीत उष्णतेची अट मला क्वचितच दिसते. शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावून सात वर्षे जगवण्याची अट आली. अट मोजता येण्यासारखी आहे, म्हणून चांगली आहे. आता सात वर्षांनी मोजायला कोणी जाते का, हे २०२८ नंतर कळेल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एवढा पाऊस इतक्या थोड्या वेळात पडणे हा बदलत्या हवामानाचा भाग असू शकतो. पण पाण्याच्या वाटेतली बांधकामे, अरुंद झालेले नदीपात्र आणि सांडव्यासमोरचा अडथळा हे हवामानाने केलेले नाही, आणि हाच वाद पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. ‘हवामान बदलामुळे झाले’ हे वाक्य शासकीय टिपणीत दिसू लागले की मी सावध होतो, कारण त्याने जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

याच शहराने पाण्याच्या बाबतीत देशाला दाखवावे असे कामही केले आहे. भांडेवाडी येथे दररोज १३० दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था उभी राहिली, पुढे ती वाढवली गेली, आणि वीज केंद्रासाठी लागणारे तेवढे पेंचचे पाणी वाचले. वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यानंतर पेंच धरणात येणारे पाणी घटले आणि जुलै २०१९ मध्ये शहरात एक दिवसाआड पाणी द्यावे लागले, ते आठवत असेल त्याला या व्यवस्थेची किंमत वेगळी सांगायला नको. हे जमले, कारण महापालिकेला सांडपाणी विकून पैसा मिळणार होता आणि वीज कंपनीला खात्रीचे पाणी. दोघांचा स्वार्थ करारात लिहिला गेला होता. नाग नदीची शुद्धी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत मंजूर होऊनही रेंगाळते, तिथे असा दुसरा पक्षकार नाही. घाण कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसेखुर्दच्या जलाशयात जाते आणि ती सोसणारी माणसे नागपूरच्या मतदारयादीत नाहीत.

कोराडीबद्दल विचारले जाईलच. सौर ऊर्जेची उद्दिष्टे गाठली जात असताना तिथे ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला आणि मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटून राख शेतांत व नाल्यांत गेली होती, आणि गंधक वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याची मुदत डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनंतर वारंवार वाढवली गेली होती. जुलै २०२५ मध्ये तर देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. नव्या संचांची गरज आहे की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जुन्या अटी पूर्ण होण्याआधी नव्या अटींवर विश्वास ठेवावा, असे मात्र ग्रामस्थांना सांगता येत नाही.

आता पडताळणी. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने २००६ च्या अधिसूचनेनुसार दर वर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, आणि मंजुरीपत्रे, वनजमीन वळती करण्याचे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. आपल्या तालुक्यातला एकच प्रकल्प घ्यावा, त्याचे मंजुरीपत्र काढावे, आणि मोजता येतील अशा अटी तेवढ्या वेगळ्या कराव्यात: किती हेक्टरवर वनीकरण, कोणत्या गट क्रमांकात, कोणत्या वर्षी, किती राखेचा वापर, किती पाणी. मग लागोपाठचे तीन-चार सहामाही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. एकच वाक्य प्रत्येक अहवालात जसेच्या तसे आले असेल, तर तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखे काहीतरी आहे, असे समजावे. पर्यायी वनीकरणाच्या जागेचा जुना उपग्रह नकाशा पाहावा. तिथे आधीच झाडे किंवा माळरान होते का, हे पाच मिनिटांत कळते. आपल्या स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती कोण आणि लोकजैवविविधता नोंदवही (स्थानिक प्रजातींची नोंद) कुठे आहे, हेही विचारावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून, नंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा या नोंदवह्या देशभर घाईघाईने भरल्या गेल्या. त्यामुळे आपल्या गावाच्या वहीत शेजारच्या गावाच्याच प्रजाती उतरवलेल्या आढळल्या, तर आश्चर्य वाटू देऊ नये. ती दुरुस्त करून घेण्याचा अर्ज समितीकडे लेखी द्यावा.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्जात ‘अटींचे पालन झाले काय’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘होय’ असे एका शब्दात येते. स्थळपाहणी अहवालाची प्रत, रोपवनाच्या मोजणीची नोंद, खर्चाची प्रमाणके आणि गट क्रमांकांची यादी, अशी कागदांची नावे घालून मागणी करावी. जन माहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. ते आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे करता येते.